पिन बसली म्हणजे झालं

श्रीखंडाचा रिकामा डबा आणि अडॅप्टर या दोन वस्तू मराठी घरातून कधी जात नाहीत. डब्याचं त्यातल्या त्यात बरं, त्यात मोहरी तरी भरता येते. अडॅप्टरचं मूळ यंत्र भंगारात जाऊन दहा वर्षं झालेली असतात, पण हा मात्र साड्यांच्या दुकानातून आलेल्या कापडी पिशवीत, स्वतःच्याच वायरीने आवळलेला, सुखरूप पडलेला असतो. सोबत भाऊबंद असतातच. कॉर्डलेस फोनचा एक, जाड पिनच्या नोकियाचा एक, बारीक पिनच्या नोकियाचा एक, बंद पडलेल्या मोडेमचा एक, आणि एक असा, की तो कशाचा हे घरातल्या ज्येष्ठांनाही सांगता येत नाही. नेमका तोच टाकायची कुणाची छाती होत नाही. टाकला की दुसऱ्या दिवशी त्याचं यंत्र सापडणार, याची सगळ्यांना खात्री.

यात आपला दोष नाही. अडॅप्टरच्या पाठीवर चाकांच्या कचरापेटीचं चित्र असतं आणि त्यावर फुली मारलेली असते. ही वस्तू घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, असा त्याचा अर्थ. त्यातला पहिला भाग आपण मनोभावे पाळतो.

मग कधीतरी घरातल्या एखाद्या चालत्या यंत्राचा अडॅप्टर मरतो. राउटरचा, सेट-टॉप बॉक्सचा, पाण्याच्या आरओचा, नाहीतर रक्तदाब मोजायच्या यंत्राचा. पिशवी पलंगावर उपडी केली जाते. गुंता सोडवताना नवराबायको एकमेकांच्या माहेरासासरची जुनी प्रकरणं काढतात आणि तो सुटला की परीक्षा सुरू होते. प्रश्न एकच. पिन बसते का? ही मोठी, ही बारीक, ही बसते पण हलते, आणि ही... बसली! घरभर आनंदीआनंद. "बसली ना? मग लाव की."

या सगळ्या व्यवहारात जिच्या साक्षीला काडीची किंमत नाही ती म्हणजे पिन, आणि आपला निकाल तिच्या एकटीच्या साक्षीवर लागतो. बाहेरून साडेपाच मिलिमीटर जाडीची ती गोल पिन ५ व्होल्टच्या अडॅप्टरला असते, ९ च्याला असते, १२ च्याला असते, काही लॅपटॉपच्या १९ च्याला असते आणि आरओच्या पंपाला लागणाऱ्या २४ च्यालाही असू शकते. जपानी लोकांनी मागे एक शिस्त लावून पाहिली होती. अमुक व्होल्टला अमुकच मापाची पिन, म्हणजे चुकीची बसणारच नाही. नियम उत्तम होता. बाहेरच्या जगाने तो फारसा मनावर घेतला नाही. बाकी ठिकाणी पिनचं माप कारखान्याच्या गोदामात त्या दिवशी काय शिल्लक आहे त्यावरून ठरत असावं, असा माझा संशय आहे.

शिवाय बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या पिनांना आत भोक असतं. कुणाचं २.१ मिलिमीटरचं, कुणाचं २.५ चं. लहान भोक जाड दांडीवर जातच नाही, निदान सरळ नकार देतं. मोठं भोक बारीक दांडीवर सहज जातं आणि नुसतं टेकून राहतं. मग "पंखा फुल केला की इंटरनेट जातं" असे शोध घराघरांत लागतात आणि पंखा दोनवर ठेवून सिनेमा बघायची प्रथा पडते.

आमच्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. सबंध आयुष्य ११ हजार आणि ३३ हजार व्होल्टच्या सहवासात गेलं. त्यामुळे घरगुती अडॅप्टर या प्रकाराबद्दल त्यांच्या मनात थोडी कीव आहे. "बारा व्होल्ट? आम्ही त्याला वीज म्हणतच नव्हतो," असं ते म्हणतात. सोसायटीत कुणाचाही अडॅप्टर गेला की काका स्वतःची पिशवी घेऊन हजर. त्यांची पिशवी सर्वांत मोठी आहे आणि निदान सर्वांत जलद. "अडॅप्टर गेलाय," ते यंत्राकडे न बघता सांगतात. आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं, कारण घरगुती यंत्रात आधी मरतो तो अडॅप्टरच. आतला कपॅसिटर उन्हाळ्यांमागून उन्हाळे सोसून कोरडा पडतो. राउटरचे दिवे लागतात, पण संध्याकाळी घरातले सगळे एकदम मोबाइल उघडून बसले की तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आपण इंटरनेटवाल्याला फोन करतो. त्याचा मुलगा येतो, वायर बदलतो, चहा पितो, जातो. राउटर पुन्हा सुरू होतो. पुन्हा फोन. ज्याच्यावर सगळं अवलंबून तो काळा ठोकळा स्पाइक गार्डवर, सोफ्याच्या मागे, धुळीत, कुणाच्याही संशयाबाहेर बसलेला असतो.

माझ्या मावशीच्या अडॅप्टरला मात्र नीटनेटकेपणा नडला. मावशी गाणं शिकवते. तानपुरा इलेक्ट्रॉनिक. रोज क्लास संपला की ती अडॅप्टरची वायर त्याच्याच अंगाभोवती घट्ट गुंडाळून, शेवटचं टोक आत खोचून, पेटीशेजारी ठेवायची. शिस्त म्हणजे शिस्त. अशी वायर मानेपाशी, म्हणजे ठोकळ्यातून बाहेर पडते तिथे, रोज मुरडली जाते आणि आतली तांब्याची तार एकेक धागा करून तुटते. बाहेरून काही दिसत नाही. पुढे पुढे वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच तानपुरा वाजू लागला. तेव्हा मावशीने ज्या विद्यार्थिनीचा आवाज सर्दीने बसला असेल तिला वायर धरून बसायचं काम द्यायला सुरुवात केली. एक दिवस सगळ्यांचे आवाज उत्तम होते आणि क्लास बंद ठेवावा लागला.

काका आले. पिशवी उपडी झाली. तिच्यातून एक १२ व्होल्टचा निघाला, जुना, काळा, चांगला पाव किलोचा. "हातात घेऊन बघा बाई. लोखंड आहे आत, लोखंड. हल्लीचे ते पोकळ." पिन बसली. तानपुरा सुरू झाला. काकांनी सर्वांकडे पाहिलं.

मावशीने डोळे मिटले, आणि उघडले. "हा दुसरा कोण गातोय?"

"दुसरा कुठला?"

"खाली कुणीतरी गुणगुणतंय. पांढरी पाचच्या वर आणि काळी चारच्या खाली."

मावशीचा स्वर काळी चार. आणि तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. त्या जुन्या जड अडॅप्टरात तिची उलटी बाजू सुलटी करून घेतात, तेव्हा ५० चे १०० होतात आणि उरलेली थरथर कपॅसिटरने गिळायची असते. तो कोरडा पडला की गिळत नाही, मग ती सरळ स्पीकरमधून ऐकू येते. खर्जातली पांढरी पाच ९८ ची, काळी चार जवळपास १०४ ची. म्हणजे १०० हा मधलाच कुठला तरी, कुणाचाच नसलेला सूर. हे काकांना समजावल्यावर त्यांना ते खात्यावर आल्यासारखं वाटलं.

"ग्रिडची फ्रिक्वेन्सी पन्नासच असते बाई. देशभर!"

"मग देशभर बेसूर आहे," मावशी म्हणाली.

(अमेरिकेत ६० चे १२० होतात, आणि १२० हा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ बरोबर मधोमध पडतो. तेव्हा न्यू जर्सीत क्लास चालवणाऱ्या मराठी गुरुजनांनी फार हुरळून जायचं कारण नाही.)

मावशीची एक शिष्या इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. तिने पर्समधून मल्टिमीटर काढला. हल्लीच्या मुलींच्या पर्समध्ये काय असेल सांगता येत नाही. पाठीवर १२ व्होल्ट लिहिलेल्या त्या अडॅप्टरचं टोक तिने नुसतं तपासलं, तर मीटरवर जवळजवळ १७. काका म्हणाले मीटर चायनीज आहे. शिष्येने मीटर ठेवला आणि मावशीला समजेल अशा भाषेत सांगितलं.

"बाई, व्होल्ट म्हणजे वाढप्याचा आग्रह आणि अँपिअर म्हणजे मुदपाकखान्यात शिजलेलं अन्न."

मला आजवर भेटलेल्या विज्ञानाच्या कुठल्याही मास्तरांनी हे इतकं स्वच्छ सांगितलेलं नाही. पानावर बसलाय तो तुमचा राउटर, तानपुरा, जे काय असेल ते. आत पन्नास माणसांचं शिजलं असेल तर त्याचं काही बिघडत नाही, तो आपल्याला लागेल तेवढंच खाणार. म्हणजे यंत्राला १ अँपिअर लागत असेल आणि अडॅप्टर २ चा असेल तर खुशाल लावा. आग्रह मात्र त्याला झेपेल तेवढाच हवा. १२ ची सवय असलेल्याला १९ च्या आग्रहाने वाढलं की तो पानावरच आडवा होतो. उलट आत दहा माणसांचं शिजलंय आणि पंगत वीसची, तर आचारी तापतो, आग्रह मंदावतो आणि शेवटच्या ओळीतली माणसं उपाशी उठतात. १ अँपिअरच्या यंत्राला अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टर लावल्यावर हेच होतं. हात लावून बघा, इस्त्री करता येईल.

गंमत अशी, की आपली भीती नेमकी उलट्या जागी असते. दोन अँपिअरचा बघितला की लोक हात मागे घेतात. "नको रे, जास्त पॉवरचा आहे, जळेल." तेच लोक ९ व्होल्टच्या यंत्राला १२ चा लावताना म्हणतात, "तीनचाच तर फरक आहे." पुढारलेल्या घरांतून तर सरासरीही काढली जाते: "व्होल्ट थोडे जास्त आहेत, पण अँपिअर कमी आहेत, म्हणजे झालं बरोबर." वॅटचा गुणाकार शाळेत शिकवल्याचा हा एवढाच परिणाम उरलेला आहे.

काकांच्या लोखंडी अडॅप्टरचा स्वभाव आणखी निराळा. तो जुन्या चालीचा. पाहुणा कमी खातोय असं दिसलं की याचा आग्रह वाढतो. पाठीवरचे १२ व्होल्ट तो पूर्ण भार असतानाच देणार, पानावर माणूस मिताहारी असला तर १५, १६, १७ पर्यंत जाणार. याला अनरेग्युलेटेड म्हणतात. नव्या हलक्या अडॅप्टरात, ज्यांना दुकानदार एसएमपीएस म्हणतात, आग्रह मोजून मापून ठेवलेला असतो, खा नाहीतर खाऊ नका. तेव्हा वजन हा आता गुण राहिलेला नाही. काकांना हे पटलं नाही आणि पटेल अशी अपेक्षाही नव्हती.

एक अपवाद शिष्येने आठवणीने सांगितला. काही स्वस्त ट्रिमरांत आणि इमर्जन्सी दिव्यांत आतली बॅटरी किती वेगाने भरायची याचं भान यंत्राला नसतं, ते अडॅप्टरवरच सोपवलेलं असतं. तिथे अँपिअरचा आकडाही मूळचाच धरावा.

आकडे कुठे वाचायचे हा पुढचा प्रश्न. सगळी खरी माहिती अडॅप्टरच्या पाठीवर, काळ्यावर करड्या रंगात, मुंगीलाही चष्मा लागावा अशा टायपात छापलेली असते. मोबाइलने फोटो काढून मोठा करणे हा त्यावर एकमेव उपाय. वर 'इनपुट १०० ते २४०' असतं. बरेच जण तिथेच थांबतात आणि "हा २४० चा आहे" असं जाहीर करतात. ती भिंतीकडची बाजू. आपल्याला हवी ती 'आउटपुट'ची ओळ. तिथे आकड्याशेजारी एक आडवी रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. नागमोडी रेघ असेल तर एसी. अशा एसी बाहेर टाकणाऱ्या अडॅप्टरलाही तीच गोल पिन असू शकते, कारण पिनला कसलीच लाज नाही.

त्याखाली तीन छोटी वर्तुळं एका रेषेत, मधल्यात एक ठिपका. ठिपक्याला जोडलेलं चिन्ह अधिक असेल तर पिनच्या आतल्या भोकात धन, बाहेरच्या अंगाला ऋण. राउटर, सेट-टॉप बॉक्स ही मंडळी बहुधा 'मध्ये प्लस'वाली. गिटारवाल्या पोरांचे पायाने दाबायचे पेडल मात्र परंपरेने 'मध्ये मायनस'वाले. ९ व्होल्ट दोघांचे, पिन एक, आणि पंथ पूर्ण विरुद्ध. काकांच्या नातवाने पेडलला राउटरचा अडॅप्टर लावला, तेव्हा दिवाही लागला नाही आणि धूरही आला नाही. पेडल बनवणाऱ्याने आत रुपया-दोन रुपयांचा डायोड घालून ठेवलेला असावा. सगळे बनवणारे एवढे उदार नसतात. "उलटा करून लावून बघितलास का?" असं काकांनी विचारलं होतं. भिंतीतला दोन पायांचा प्लग उलटा करता येतो. गोल पिन कशी उलटी करणार, हे त्यांनी करून बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

उरलेली चित्रं मावशीने स्वतःच्या बुद्धीने लावली. घराचं चित्र म्हणजे गृहोपयोगी वस्तू. चौकोनात चौकोन म्हणजे रांगोळीचं काहीतरी. रोमन सहा म्हणजे सहावं मॉडेल. मी तिला खरं सांगितलं. घर म्हणजे घरातच वापरा, गच्चीतल्या पावसात नको. चौकोनात चौकोन म्हणजे आत दुहेरी इन्सुलेशन आहे, म्हणून अर्थिंगची तिसरी पिन नाही. रोमन सहा म्हणजे विजेच्या बचतीची पातळी. असा छोटा अडॅप्टर काही न जोडता वर्षभर भिंतीत राहिला तरी ०.१ वॅटच्या वर जाऊ नये, म्हणजे वर्षाला एक युनिटसुद्धा नाही. मावशीचे यजमान रात्री घरभर हिंडून एकेक अडॅप्टर काढून ठेवतात आणि "बिल कोण भरतं?" असं विचारतात. त्यांना हा आकडा सांगायची जबाबदारी कुणी घेतलेली नाही. आणि खरं तर घेऊही नये. बचत होवो न होवो, कुठलातरी बेनावाचा अडॅप्टर रात्रभर पडद्यामागे तापत राहण्यापेक्षा ते बरं.

मूळ कंपनीचा अडॅप्टर मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्यावा, असं माझं साधं मत आहे. पण मावशीच्या तानपुऱ्याचं ते मॉडेल बंद झालेलं. म्हणून मावशी, शिष्या, काका आणि मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. विजेचं जे जे काही माणसाने निर्माण केलं ते ते या गल्लीत टांगलेलं असतं. मुंबईकरांना हाच अनुभव लॅमिंग्टन रोडला मिळतो, फक्त तिथे दुकानदाराला वेळ आणखी कमी असतो.

"बारा व्होल्ट डीसी, एक अँपिअर किंवा वर, रेग्युलेटेड, मध्ये प्लस," शिष्येने घडाघडा सांगितलं.

"पिन दाखवा," दुकानदार म्हणाला.

पिन दाखवली. त्याने मागे न बघता हात वर करून एक डबी काढली. "भारी देऊ का चालू?"

"फरक काय?" मावशी.

"चालूपण चालतो."

"आणि गॅरंटी?"

"टेस्टिंग वॉरंटी." म्हणजे दुकानात लावून दाखवणार, दिवा लागला की वॉरंटी पूर्ण झाली. "बाहेर गेल्यावर मग तुमच्या लाइनचा प्रॉब्लेम असतो ना, मॅडम." लाइनचं नाव निघताच काका पुढे सरसावले, पण तेवढ्यात मावशीने तिला माहीत असलेला एकमेव शास्त्रीय प्रश्न विचारला. "आयएसआय आहे का?"

"आहे ना."

मावशीने "यात साजूक तूप आहे का?" विचारलं असतं तरी तो "आहे ना" म्हणाला असता. आयएसआयचं चिन्ह वायरी, प्लग, स्विच अशा वस्तूंवर बघायचं. अडॅप्टरची व्यवस्था वेगळी आहे. सरकारने २०१२ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला आणि २०१४ साली त्या यादीत अडॅप्टर आले. तेव्हापासून अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १३२५२ किंवा अलीकडे त्याच्या जागी येत असलेल्या मानकाचा क्रमांक, आणि 'आर'ने सुरू होणारा आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये घातला की कुणाच्या नावाने, कुठल्या वस्तूसाठी नोंदला आहे ते दिसतं. शिष्येने 'चालू' डबीवरचा क्रमांक घातला. नोंदणी निघाली, अगदी खरी निघाली, फक्त दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या दिव्यांची. दुकानदाराला त्यात काही वावगं वाटलं नाही. "नंबर तर आहे ना?"

चालू डबीवर 'सीई' असंही ठसठशीत छापलेलं होतं. ती युरोपची खूण, आणि अशा बहुतेक वस्तूंवर ती कारखानदार स्वतःच्याच हाताने उमटवतो, माझा माल नियमात बसतो असं जाहीर करून. सज्जन कारखानदार चाचण्या करून उमटवतो. बाकीच्यांकडे छपाई चांगली असते.

हे सगळं सोवळंओवळं कशासाठी, असं काकांनी विचारलं. बारा व्होल्टने कधी माणूस मेला आहे का? बारा व्होल्टने नाही मरत. प्रश्न असा आहे, की त्याच ठोकळ्यात, काड्यापेटीएवढ्या जागेत, भिंतीकडचे २३० व्होल्टही राहतात. चांगल्या अडॅप्टरात या दोघांच्या मध्ये साधारण पाचसहा मिलिमीटरचं अंतर राखलेलं असतं, ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमध्ये पिवळ्या पट्टीचे थर असतात, आणि दोन बाजूंना जोडणारा जो एक कपॅसिटर लागतो तो फुटला तरी वीज पलीकडे जाऊ देणार नाही अशा खास जातीचा असतो. चालू मालात ही सगळी काटकसरीची ठिकाणं. अंतर मिलिमीटरच्या आत, पट्टीचा एखादा वेढा, कपॅसिटर मिळेल तो. चालतो अगदी तसाच. दिवाही तितकाच हिरवा लागतो. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षेच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेने २०१६ साली नकली आयफोन अडॅप्टर तपासले होते. ४०० तपासले. बरे निघाले ३.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवताना मुंग्या येतात ना, त्याही त्याच कपॅसिटरच्या वाटेने. दोन पिनांच्या चांगल्या अडॅप्टरातूनही अगदी थोडी गळती येते, मर्यादेतली. पण मुंग्यांच्या जागी झटका आला तर "अर्थिंग नसेल" म्हणून रबरी चपला घालून काम करत बसू नये. अडॅप्टर बदलावा. रबरी चपलेच्या जोरावर वर्षानुवर्षं संगणक चालवणारी कार्यालयं मला माहीत आहेत.

शेवटी 'भारी' घेतला. साडेतीनशे. काकांनी शंभरावरून घासाघीस सुरू केली, तेव्हा मावशीने त्यांना तानपुऱ्याची किंमत सांगितली. ते गप्प झाले आणि गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत गप्प राहिले. तिथे त्यांना सार्वत्रिक अडॅप्टर दिसला. ३, ४.५, ६, ७.५, ९, १२ अशी बाजूला सरकपट्टी, प्लस-मायनस उलटवायचा खटका आणि सहा तऱ्हांच्या पिनांचा झुबका. काकांचे डोळे भरून आले. सबंध पिशवीचा अर्क एका डबीत! त्यांनी तो घेतला. या वस्तूचा धोका तिच्या गुणातच आहे. सरकपट्टी नखानेसुद्धा सरकते. घरात झाडू मारला, मांजर फिरलं, नातवंडाने 'हे काय आहे' म्हणून बोट लावलं, की ६ चे १२ झाले. रक्तदाबाच्या यंत्राला असला अडॅप्टर लावून नंतर आलेल्या आकड्यांवर डॉक्टरांशी चर्चा करू नये. पट्टी जागेवर आणून वर चिकटपट्टी मारून टाकणारे शहाणे लोक आहेत, पण मग तो सार्वत्रिक कसला राहिला, असं काकांना वाटतं.

मधल्या काळात मावशीच्या मुलाने न्यू जर्सीहून मानेला मसाज करायचं यंत्र पाठवलं. त्याचा अडॅप्टर 'इनपुट १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढंच म्हणणारा. १०० ते २४० असं लिहिलेलं असतं तर तो जगात कुठेही चालला असता. मावशीच्या यजमानांनी त्याला चपट्या पिनांचा गोल करणारा पांढरा ठोकळा लावला आणि भिंतीत खुपसला. तो ठोकळा फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेला हात लावत नाही. फट्. एवढाच आवाज. सगळे हळहळले, यंत्र परत पाठवायला किती लागतील याची चौकशी झाली. शिष्येने मेलेल्या अडॅप्टरची पाठ वाचली. आउटपुट ९ व्होल्ट डीसी, मध्ये प्लस. इथला ९ व्होल्टचा भारी अडॅप्टर आणला आणि यंत्र मान चोळू लागलं. अमेरिका त्या ठोकळ्यापुरतीच होती.

आता मावशीचा मुलगा म्हणतो, हे सगळं संपणार आहे. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट वगैरेंना टाइप-सी सक्तीचं केलं. आपल्या मानक ब्युरोनेही त्याचं मानक काढलेलं आहे. एकच पिन, सगळ्यांना. मी म्हटलं, पिन बसते म्हणून लावणारी आपली जमात, आता तर सगळं सगळ्याला बसणार. पण यात सोय अशी आहे, की यंत्र आणि चार्जर आधी आपसात बोलून घेतात. सुरुवात ५ व्होल्टने होते. यंत्राला झेपत असेल तर ते ९ मागतं, १५ मागतं, २० मागतं, आणि मागितल्याशिवाय चार्जर वाढवत नाही. मावशीला हे फार आवडलं. "म्हणजे विचारून वाढतात. सुधारले म्हणायचे."

त्या भरात तिने टाइप-सी भोकाचा गळ्यात घालायचा पंखा घेतला. मुलाने मागे ठेवलेल्या महागाच्या चार्जरला, दोन्ही टोकं टाइप-सी असलेली केबल लावून, जोडला. पिन झक्क बसली. पुढे काहीच झालं नाही. पंखा खराब म्हणून परत द्यायचं ठरलं, तेव्हा शिष्येने सांगितलं, पंखा ठीक आहे. 'मी आलोय, वाढा' असं चार्जरला कळवण्यासाठी यंत्रात दोन बारीक रोधक लागतात, पैशांच्या भावाचे. पंखेवाल्याने ते वाचवले. चार्जरला कुणी आल्याचं कळलंच नाही, त्यामुळे त्याने पातेल्याचं झाकणही उघडलं नाही. जुन्या चपट्या यूएसबीचा चार्जर असता तर त्याने न विचारता ५ व्होल्ट वाढले असते.

काकांनी पंखा हातात घेतला, चार्जर हातात घेतला, पिन काढून परत बसवली, आणि आम्हा सर्वांना उद्देशून म्हणाले, "अकरा हजारांनी कधी असा मानपान मागितला नाही हो."